टेबल टेनिसच्या रॅकेटचे रबर : त्यात फेरफार करण्यास मनाई का?

टेबल टेनिसचा चेंडू वजनाने अवघा २.७ ग्रॅम व व्यासाने ४० मिलिमीटर असतो. हा पोकळ, हलका गोळा २.७४ मीटर लांबीच्या टेबलावरून क्षणार्धात पलीकडे जातो आणि जाता जाता स्वतःभोवती सेकंदाला शंभराहूनही अधिक वेळा फिरू शकतो. हा वेग व ही फिरकी त्यास खेळाडूच्या हातामुळे प्राप्त होते, हे खरे. परंतु हात आणि चेंडू यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचा रबराचा एक थर असतो. चेंडू या थराशी सुमारे एक सहस्रांश सेकंदच संलग्न राहतो. तेवढ्या अल्प अवधीत थर किती दबतो, किती ओढला जातो व पुन्हा किती त्वरेने पूर्वस्थितीस येतो, यावर चेंडूची पुढील गती अवलंबून असते.

म्हणूनच या खेळाच्या नियमांत रॅकेटच्या आवरणासंबंधी जितकी काटेकोर कलमे आहेत तितकी तिच्या आकारासंबंधी नाहीत. रॅकेट कोणत्याही आकाराची, कोणत्याही मापाची व कितीही वजनाची असली तरी चालते. मात्र आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस संघाने मान्य केलेले आवरण खेळाडूने कोणतीही भौतिक, रासायनिक किंवा अन्य प्रक्रिया न करता, जसेच्या तसे वापरले पाहिजे असा दंडक आहे. तो वरवर साधा दिसतो. तो का करावा लागला, आणि त्याचे पालन होते की नाही हे पाहणे इतके कठीण का आहे, हे समजून घेण्यासाठी प्रथम थोडा इतिहास व नंतर रबराचे थोडे रसायन पाहणे अवश्य आहे.

मुंबईतील मूक रॅकेट

आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस संघाची स्थापना १९२६ साली झाली व त्याच वर्षी लंडन येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्यानंतरची पंचवीस वर्षे बहुतेक सर्व नामांकित खेळाडू एकाच प्रकारची रॅकेट वापरीत. लाकडी फळीवर रबराचा एक पातळ पापुद्रा चिकटविलेला असे, आणि त्या पापुद्र्यावर बारीक उंचवटे असत. खेळाडू या उंचवट्यांना ‘पिंपल’ म्हणतात. अशा रॅकेटवर चेंडू आदळला म्हणजे स्पष्ट टणत्कार होई. चेंडू जोराने मारला की हळू, हे प्रतिपक्षास डोळ्यांप्रमाणेच कानांनीही कळत असे.

१९५२ साली जागतिक स्पर्धा प्रथमच आशिया खंडात, मुंबई येथे भरली. या स्पर्धेत जपानचा संघ पहिल्यानेच उतरला होता. त्यातील हिरोजी सातो या खेळाडूच्या रॅकेटवर पिंपलचे रबर नसून जाड स्पंजचा थर होता. चेंडू त्या थरात रुतल्यासारखा होऊन एकदम वेगाने बाहेर पडे, आणि आवाज मात्र जवळजवळ होतच नसे. युरोपातील कसलेल्या खेळाडूंना चेंडूच्या वेगाचा अदमास येईना. सातोने अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोच्यान याचा पराभव करून पुरुष एकेरीचे अजिंक्यपद मिळविले.

सातो याने कोणताही नियम मोडलेला नव्हता, कारण आवरण कसे असावे याविषयी त्या वेळी निश्चित नियमच नव्हता. परंतु त्याच्या विजयाने एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. यश खेळाडूच्या कौशल्याचे मानावयाचे की त्याच्या हातातील पदार्थाचे? पुढील काही वर्षांत निरनिराळ्या जाडीचे स्पंज प्रचारात आले आणि वाद वाढत गेला. अखेर १९५९ साली आंतरराष्ट्रीय संघाने आवरणाची मर्यादा आखून दिली. नुसत्या स्पंजास बंदी झाली, आणि दोनच प्रकारची आवरणे मान्य ठरली. पहिले पिंपल बाहेरच्या बाजूस असलेले साधे रबर. त्याची जाडी गोंदासह २ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. दुसरे म्हणजे खाली स्पंज व वर पिंपलचे रबर असे दुपदरी आवरण. त्याची एकूण जाडी गोंदासह ४ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. दुपदरी आवरणात पिंपल बाहेरच्या अथवा आतल्या, कोणत्याही बाजूस असू शकतात. आतल्या बाजूस असल्यास चेंडूला सपाट, चिकट पृष्ठभाग लागतो व भरपूर फिरकी देता येते. आज बहुसंख्य खेळाडू हाच प्रकार वापरतात. ४ मिलिमीटरची ही मर्यादा आजतागायत कायम आहे.

पंक्चरच्या सोल्यूशनचा शोध

जाडी ठरली, तथापि त्या जाडीच्या आतील रबराचे गुण बदलता येतात, हे १९७० नंतरच्या दशकात खेळाडूंच्या ध्यानात आले. सायकलचे पंक्चर काढताना जे रबरी सोल्यूशन वापरतात, त्याने आवरण फळीस चिकटविले असता रॅकेट काही तास विलक्षण वेगवान होते, असे आढळून आले. या संदर्भात युगोस्लाव्हियाचा ड्रागुटिन शुर्बेक व हंगेरीचा टिबोर क्लाम्पार यांची नावे घेतली जातात. लवकरच सामन्यापूर्वी जुने रबर उपटून ताज्या द्रवाने पुन्हा चिकटविणे हा जगभरच्या खेळाडूंचा नित्यक्रम होऊन बसला.

हा परिणाम कशामुळे घडतो? रबर हे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असते. कारखान्यात रबर गंधकाबरोबर तापविले असता या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींशी जोडल्या जाऊन एक जाळे तयार होते. ताणल्यावर रबर पूर्वस्थितीस येते ते या जाळ्यामुळेच. रॉकेल, पेट्रोल किंवा टोल्युइन यांसारख्या द्रवांचे रेणू रबराच्या रेणूंशी मिळतेजुळते असल्याने ते या जाळ्यात सहज शिरतात. जाळे तुटत नाही, पण साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात व रबर फुगते. रबरी नळीचा तुकडा रॉकेलमध्ये काही काळ पडून राहिला तर तो फुगून मऊ झालेला दिसतो, तो याच कारणाने. पाण्याचे रेणू वेगळ्या प्रकृतीचे असल्यामुळे ते रबरात असे शिरत नाहीत.

सोल्यूशनमधील द्रावक स्पंजात मुरला की स्पंज फुगतो आणि वरचा रबरी पापुद्रा ओढला जातो. आवरण या फुगलेल्या स्थितीतच फळीस घट्ट चिकटविल्यामुळे त्यास पुन्हा आकसता येत नाही, आणि ताण त्यात अडकून राहतो. तबल्याच्या वाद्या ओढल्या म्हणजे पुडीचा ताण वाढून स्वर चढतो. येथेही काहीसे तसेच घडते. ताणलेल्या पृष्ठावर चेंडू आदळला असता त्याच्या ऊर्जेचा कमी अंश वाया जातो व अधिक अंश चेंडूस परत मिळतो. वेग वाढतो, फिरकी वाढते आणि पूर्वी रॅकेट मूक झाली होती तिच्यातून आता टणक आवाजही निघू लागतो. काही तासांनी द्रावक उडून गेला की हा परिणाम ओसरतो. म्हणून दर सामन्यापूर्वी तोच खटाटोप.

या लाभाची किंमत मात्र खेळाडूंची फुप्फुसे व मज्जासंस्था देत होती. टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ हुंगण्यात आल्यास डोके दुखते व घेरी येते. दीर्घकाळ हुंगल्यास मज्जासंस्थेस इजा होऊ शकते. शिवाय या वाफा ज्वालाग्राही असतात. बंद खोलीत दहा-बारा वर्षांची मुले एकत्र बसून रॅकेटला सोल्यूशन लावीत आहेत, हे दृश्य कोणाही डॉक्टरास अस्वस्थ करणारे होते. आरोग्याच्या कारणास्तव प्रथम अधिक घातक द्रावक वर्ज्य करण्यात आले. पुढे, ऑगस्ट २००८ मधील बीजिंग ऑलिंपिक सामने आटोपल्यावर, १ सप्टेंबर २००८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बाष्पनशील सेंद्रिय द्रावक असलेल्या सर्व गोंदांवर बंदी आली. आता पाण्यात कालविलेले रबरी गोंद वापरले जातात. ते आवरण चिकटवितात, फुगवीत नाहीत. आवरण चिकटविण्याचे कामही स्पर्धेच्या ठिकाणी, संयोजकांनी नेमून दिलेल्या हवेशीर जागेतच करावे लागते.

लांब पिंपल व भाजलेले रबर

फेरफार केवळ वेगासाठीच होतो असे नव्हे. बाहेरच्या बाजूस लांब पिंपल असलेली आवरणे नेमकी उलट कामासाठी असतात. चेंडू आदळताच हे लवचीक पिंपल वाकतात. पृष्ठाचे घर्षण अल्प असल्याने प्रतिपक्षाने दिलेली फिरकी नष्ट होत नाही. चेंडू परतताना तीच फिरकी पलीकडच्या खेळाडूस उलटी भासते. भारताच्या मनिका बत्रा हिने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तिच्या रॅकेटच्या एका बाजूस असेच लांब पिंपलचे आवरण होते. या आवरणास नियमांची संपूर्ण मान्यता आहे. ते वापरणे सोपेही नाही, कारण त्याच्या साहाय्याने स्वतः फिरकी निर्माण करणे कठीण जाते.

तथापि या आवरणासही सीमा घालणे भाग पडले. पिंपलची उंची त्याच्या व्यासाच्या १.१ पटीहून अधिक असू नये, व दर चौरस सेंटिमीटरमध्ये १० पेक्षा कमी आणि ३० पेक्षा अधिक पिंपल असू नयेत, असे ठरले. काही खेळाडू मान्यताप्राप्त आवरण उन्हात किंवा भट्टीत तापवून त्याचा पृष्ठभाग कठीण व गुळगुळीत करू लागले. उष्णता व अतिनील किरण यांच्यामुळे रबराच्या पृष्ठाशी साखळ्यांमधील जोड वाढतात, लवचीकपणा कमी होतो व घर्षण घटते. २००८ साली घर्षणाची किमान मर्यादा अमलात आली आणि मुळातच घर्षणहीन अशी आवरणे बाद झाली. तापवून गुळगुळीत केलेले रबर हे तर प्रक्रिया केलेले रबर असल्याने आपोआपच नियमबाह्य ठरते.

येथे एक शंका संभवते. लांब पिंपल चालतात, तर भाजलेले पिंपल का चालू नयेत? याचे उत्तर प्रतिपक्षाच्या अधिकारात आहे. प्रत्येक मान्य आवरणावर, मुठीच्या लगत, उत्पादकाचे नाव, आवरणाचे नाव व संघाने दिलेला क्रमांक छापलेला असतो. सामन्यापूर्वी खेळाडूने आपली रॅकेट प्रतिपक्षास व पंचास दाखविलीच पाहिजे. ते नाव वाचून समोरचा खेळाडू जाणतो की हे आवरण कसे वागेल. पूर्वी काही खेळाडू रॅकेटच्या दोन बाजूंना एकाच रंगाची पण भिन्न गुणांची आवरणे लावीत व खेळताना रॅकेट फिरवीत. चेंडू कोणत्या बाजूने मारला हे समजत नसे. म्हणून १९८० नंतरच्या दशकात दोन्ही बाजूंना भिन्न रंग सक्तीचे झाले व पुढे एक बाजू काळी आणि दुसरी लाल असा नियम झाला. २०२१ पासून लालऐवजी आणखी काही ठळक रंग चालतात, पण एक बाजू काळीच असावी लागते. रंगाने व नावाने प्रतिपक्षास जी माहिती मिळते तीच फेरफार केलेल्या रबराने खोटी ठरते. वरून नाव एक, आतून गुण दुसरे. सामना मग दोन खेळाडूंचा न राहता एकास ठाऊक व दुसऱ्यास अज्ञात अशा पदार्थाचा होतो.

तेलाचा प्रश्न

द्रावकांवर बंदी आल्यानंतर त्यांची जागा तेलांनी घेतली. खनिज तेलासारखे पदार्थ स्पंजाच्या पाठीस लावले असता ते हळूहळू मुरतात व स्पंज फुगवितात. तत्त्व तेच, फरक एवढाच की ही तेले सहसा उडून जात नाहीत. त्यामुळे परिणाम काही तासांऐवजी कित्येक आठवडे टिकतो. बाजारात हे द्रव ‘बूस्टर’ या नावाने ओळखले जातात. त्यांच्या वाफेचा उपद्रव द्रावकांइतका नसला तरी ही रासायनिक प्रक्रियाच होय. नियमाने ती निषिद्ध आहे.

निषेध करणे सोपे. शोधून काढणे अवघड. मोठ्या स्पर्धांतून रॅकेट तपासणीचा स्वतंत्र कक्ष असतो. तेथे आवरणाची जाडी मोजतात, ते सपाट आहे की नाही हे पाहतात, आणि रॅकेट एका बंद पेटीत ठेवून तिच्यातून निघणारी बाष्पनशील द्रव्ये उपकरणाने मोजतात. या द्रव्यांचे प्रमाण हवेच्या दहा लक्ष भागांत ३ भागांपेक्षा अधिक आढळले तर रॅकेट नापास होते. द्रावकयुक्त गोंद या उपकरणातून सुटत नाही. तेल मात्र उडतच नसल्याने पेटीतील हवेत त्याचा मागमूस लागत नाही. फुगल्यामुळे आवरण जाड होते व कडांशी वळते, तेव्हा जाडीच्या व सपाटपणाच्या चाचणीत काही जण सापडतात. पण मूळचेच पातळ आवरण घेऊन ते ४ मिलिमीटरच्या आत राहील इतकेच फुगविले, तर ही चाचणीही निरुपयोगी ठरते.

प्रयोगशाळेत रबराचा तुकडा कापून त्याचे पृथक्करण केले तर तेल सापडेल, असे कोणी म्हणेल. परंतु तुकडा कापला की रॅकेट निकामी झाली. आणि दोन सामन्यांच्या मध्ये अशा पृथक्करणास वेळही नसतो. त्याहून मोठी अडचण अशी की कारखान्यातच रबर मऊ करण्यासाठी त्यात तेले मिसळलेली असतात. सापडलेले तेल कारखान्यातले की खेळाडूने मागाहून लावलेले, हे सांगणे सोपे नाही.

ही अडचण कारखान्यांनी आणखी वाढविली आहे. सोल्यूशनवर बंदी येणार असे दिसू लागताच उत्पादकांनी तोच ताण रबर तयार होतानाच त्यात आणण्याच्या कृती शोधल्या. आज विकली जाणारी बहुतेक वेगवान आवरणे अशा प्रकारची आहेत व ती पूर्णतः नियमानुसार आहेत. म्हणजे एकच गुण कारखान्यात आणला तर मान्य आणि घरी आणला तर अमान्य, असे झाले. हे विसंगत वाटते. परंतु नियमाचा रोख ताणावर नाही. कारखान्यातून निघालेले आवरण तपासलेले असते, क्रमांकाने ओळखता येते व पैसे देणाऱ्या प्रत्येकास तेच मिळते. घरी तेल लावलेल्या आवरणाचे गुण लावणाऱ्यालाच ठाऊक असतात.

२०१२ साली जपानचा अग्रगण्य खेळाडू जुन मिझुतानी याने या प्रश्नाविषयी उघड तक्रार केली आणि काही काळ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून भाग घेण्याचे थांबविले. नियम पाळणारा व न पाळणारा यांच्यातील भेद तपासणीत दिसत नसेल, तर नियम पाळणाऱ्याचेच नुकसान होते, हा त्याच्या तक्रारीचा आशय होता. त्या तक्रारीचे मर्म आजही कायम आहे.

खेळाडूने काय करावे

तपासणीच्या कठोरपणाचा फटका कधीकधी निष्पाप खेळाडूसही बसू शकतो. नवीन आवरणाच्या वेष्टनात कारखान्यातील द्रव्यांची थोडी वाफ कोंडलेली असू शकते. म्हणून नवे आवरण वेष्टनातून काढून काही दिवस हवेशीर जागी ठेवावे व मगच चिकटवावे. गोंद पाण्यातला असावा, थर सारखा असावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. आवरण फळीच्या कडेबरोबर कापावे. ते फळीबाहेर जाता कामा नये. सामन्यापूर्वी स्वेच्छेने तपासणी करून घेण्याची सोय असल्यास तिचा लाभ घ्यावा. सामन्यापूर्वी रॅकेट नापास झाली तर दुसरी घेता येते; सामन्यानंतरच्या तपासणीत नापास झाली तर जिंकलेला सामनाही हातचा जाऊ शकतो. सामना चालू असताना रॅकेट बदलता येत नाही. ती अपघाताने खेळण्यास अयोग्य इतकी मोडली तरच बदलू देतात. दुसरी रॅकेट त्याकरिता जवळ असावी, आणि तीही नियमास धरून असावी. वापराने झालेली किरकोळ झीज किंवा अपघाताने पडलेला लहानसा चरा यांमुळे पृष्ठाच्या गुणांत विशेष फरक पडत नसेल, तर पंच ते चालवून घेऊ शकतात.

शाळांतून व क्लबांतून शिकविणाऱ्यांवर याहून मोठी जबाबदारी आहे. बूस्टरची बाटली मुलाच्या हाती प्रथम बहुधा मोठ्यांकडूनच येते. तेल लावलेल्या रॅकेटवर शिकलेल्या मुलास चेंडूचा वेग आपल्या मनगटाचा किती व तेलाचा किती हे कळत नाही. तेलाचा प्रभाव ओसरला की त्याचा फटका चुकू लागतो, आणि दोष कशात आहे हे शिक्षकासही सांगता येत नाही. शिवाय तेलाने स्पंज लवकर ढिला पडतो व महाग आवरण वारंवार बदलावे लागते. ज्या मुलाच्या घरी हा खर्च झेपत नाही ते मूल टेबलाजवळ येण्यापूर्वीच मागे पडते.

मुंबईत १९५२ साली जो प्रश्न एका जाड स्पंजाने उभा केला, तो जाडी मोजणाऱ्या साध्या मापकाने सुटण्यासारखा होता. आजचा प्रश्न रबराच्या रेणूंच्या पातळीवर गेलेला आहे. रॅकेटला इजा न करता, दोन-चार मिनिटांत, मागाहून लावलेले तेल ओळखणारी चाचणी ही या खेळाची खरी गरज होय. ते काम पंचांचे नसून रसायनशास्त्रज्ञांचे आहे. तशी चाचणी हाती येईपर्यंत या नियमाचे रक्षण मुख्यतः ज्याच्या हातात रॅकेट आहे त्यालाच करावे लागणार आहे.